युद्धपट आणि रणदृश्यांची अनिवार्यता : ‘ला ग्रांद इल्यूझिआँ’च्या संदर्भात

रणांगण न दाखविता युद्धपट परिणामकारक होऊ शकतो काय, या प्रश्नाचा विचार करताना ज्याँ रेन्वार यांचा ‘ला ग्रांद इल्यूझिआँ’ (१९३७) हा फ्रेंच चित्रपट विशेष महत्त्वाचा ठरतो. पहिल्या महायुद्धात टेहळणी विमानाचे वैमानिक राहिलेल्या रेन्वार यांनी येथे एकही लढाई चित्रित केलेली नाही. फ्रेंच अधिकाऱ्यांचे विमान पाडले जाते, तेही पडद्याआड. दुओमाँचा किल्ला फ्रेंचांनी परत घेतल्याची वार्ता येताच युद्धबंदी आपला रंगमंचीय कार्यक्रम थांबवून राष्ट्रगीत गातात. पुढे तो पुन्हा जर्मनांकडे गेल्याचे कळते. जयपराजयाची ही व्यर्थता तोफांच्या धडाक्यात क्वचितच इतकी जाणवली असती.

याचा अर्थ हिंसा वगळली आहे असा नव्हे. सहकाऱ्यांना निसटता यावे म्हणून कॅप्टन बोएल्द्यू पहारेकऱ्यांचे लक्ष स्वतःकडे वेधून घेतो आणि त्याला मित्र मानणाऱ्या राउफेनस्टाइन या जर्मन अधिकाऱ्यालाच त्याच्यावर गोळी झाडावी लागते. दोघेही उमराव घराण्यांतील, एकाच संस्कारांत वाढलेले. रणदृश्यांतील शत्रू बहुधा अनोळखी असल्याने हत्येचा नैतिक भार प्रेक्षकावर पडत नाही. येथे तो टाळता येत नाही. बोएल्द्यूच्या मृत्यूनंतर राउफेनस्टाइन गढीतील एकुलते एक जिरेनियमचे फूल कापतो.