न बोलता सांगितलेली गिरणी

बाबूराव पेंटरांचा 'सावकारी पाश' हा १९२५ सालचा मूकपट. सावकाराच्या फासात जमीन गमावलेला तरुण शेतकरी शहरात जाऊन गिरणीत लागतो. ती भूमिका शांतारामांची. त्यात अंधारलेली झोपडी दिसते आणि रडणारे कुत्रे. त्या घरावर काय कोसळले, हे सांगायला पाटी लागत नाही. धुळे-जळगावकडे गिरण्यांचे भोंगे वाजत होते, त्या काळी पाळीला येणाऱ्यांत असे शेतकरी पुष्कळ होते.

गिरणीत शिरल्यावर त्या माणसाचे काय होते? त्याचे चित्र चार्ली चॅप्लिनने अमेरिकेत १९३६ साली 'मॉडर्न टाइम्स'मध्ये काढले. प्रारंभी मेंढरांचा कळप, लागलीच कामावर निघालेले कामगार. दोन चित्रे शेजारी ठेवली. अर्थ आपण लावायचा. बोलपट रुळून काही वर्षे झाली होती, तरी येथला कामगार मुका. बोलतो मालक, तोही पडद्यावरून, आणि यंत्राचा वेग वाढवा असे सांगायला! चार्ली पट्ट्यावरचे नट आवळीत असतो. काम थांबते, हात थांबत नाहीत. घरी गेल्यावरही ज्याच्या कानात साच्यांचा खडखडाट चालू असे, त्याला हे हसू जड जाते.

मला विशेष वाटतो तो निशाणाचा प्रसंग. मालमोटारीवरून धोक्याचे निशाण पडते. परत देण्यासाठी चार्ली ते हलवीत धावतो. तेवढ्यात मागून मोर्चा येतो आणि पोलीस त्यालाच पुढारी समजून धरतात. (काही पुढारी असेही होतात, हे युनियनमध्ये आयुष्य घालवलेल्या माणसाला नाकारता येत नाही.) चित्रपट काळा-पांढरा आहे, पण ते निशाण लाल आहे हे कोणालाही विचारावे लागत नाही.