‘कीप’ म्हणजे नुसते ‘ठेवणे’ नव्हे

(ऊस विकास अधिकारी, शेतकी खाते)



या पत्रिकेत आमच्या खात्याकडून नेहमी लागण, खोडवा, पाचट आणि हुमणी या विषयांवर लिहिले जाते. या खेपेस आम्ही एका इंग्रजी क्रियापदावर लिहिणार आहोत. ‘शेतकी खात्याला इंग्रजीचे काय पडले आहे?’ असे कोणी म्हणेल. त्यावर आमचे उत्तर एवढेच की हा विषय आम्हाला तांदळाच्या एका गोणीपाशी उभे असताना सुचला.

गळीत हंगाम आटोपल्यावर आम्ही दोन दिवस हातखंब्याला आमच्या अक्कांकडे गेलो होतो. मुंबई-गोवा महामार्गाला रत्नागिरीकडून येणारा रस्ता जिथे मिळतो तेच हे हातखंबा. घाटावरचे पुष्कळ सभासद रत्नागिरीला जाता-येता तिथे चहाला थांबले असतील. दाजींची थोडी आंब्याची कलमे आहेत. मोहोरावरच्या तुडतुड्यांसाठी त्यांनी औषध आणले होते आणि त्यातली अर्धी बाटली उरली होती. सकाळी आम्ही स्वयंपाकघरात चहा घेत असताना आम्हाला औषधाचा उग्र वास आला. वर पाहिले तर फळीवर तांदळाच्या गोणीला टेकून ती बाटली! बूच सैल झालेले, आणि गोणीच्या एका अंगाला ओला डाग.

“दाजी, हे विष इथं कुणी ठेवलं?” आम्ही विचारले.

दाजी म्हणाले, “अहो, बाटलीवरच लिहिलंय ना, अन्नधान्यापाशी ठेवा म्हणून. पोरानं वाचून दाखवलं.”

पोरगा नववी पास होऊन दहावीत गेलेला, हुशार. त्याने बाटली आणून आम्हाला ओळ दाखवली. ‘कीप अवे फ्रॉम फूडस्टफ्स’ असे छापलेले होते. तो म्हणाला, “मामा, कीप म्हणजे ठेवणेच ना? आणि फूड म्हणजे अन्न. ‘अवे फ्रॉम’चं मला नीट कळलं नाही, पण ठेवा म्हटलंय एवढं नक्की.”

दोन्ही शब्दांचे अर्थ त्याने बरोबर सांगितले होते, पण वाक्याचा अर्थ नेमका उलटा झाला होता. सोबतचे घडीचे माहितीपत्रक बाटली आणली त्याच दिवशी कुठेतरी गेले होते. ते तीस किलो तांदूळ अक्कांनी कोंबड्यांनासुद्धा घातले नाहीत. गुराढोरांच्या तोंडी लागू नयेत म्हणून आम्ही दोघांनी दूर खड्डा काढून ते पुरले. त्या गोणीतले तांदूळ अजून शिजवायला घेतले नव्हते, म्हणून तांदळावरच निभावले.

आम्ही पोराला रागावलो नाही. आम्ही स्वतः मराठी शाळेत शिकलो आणि पुढे शेतकी पदविका केली. इंग्रजी शब्दांचे अर्थ आम्हीही पाठच केले. कीप म्हणजे ठेवणे, गेट म्हणजे मिळणे, टेक म्हणजे घेणे. शब्दाला एक अर्थ, जशी गाडीला एक चिठ्ठी. २००० सालापासून राज्यात मराठी शाळांतही पहिलीपासून इंग्रजी आली, तरी घरोघर शब्दार्थ पाठ करण्याची रीत तीच आहे. ती रीत कुठे फसते, ते या एका ‘कीप’वरून पाहू.

पहिली गोष्ट वाक्याच्या बांधणीची. मराठीत क्रियापद शेवटी येते. ‘औषध अन्नापासून दूर ठेवा’ या वाक्यात ‘ठेवा’ ऐकू येईपर्यंत काय, कशापासून, कुठे हे सगळे कळलेले असते. इंग्रजीत आज्ञा देताना क्रियापद आधी येते आणि बाकीचे शब्द मागून. आपला मुलगा ‘कीप’पाशीच ‘ठेवा’ असा अर्थ लावून मोकळा होतो, आणि अर्थ फिरवणारे बारके शब्द मागे राहतात. म्हणून इंग्रजी वाक्य पूर्णविरामापर्यंत गेल्याशिवाय त्याचा अर्थ लावू नये.

आता ‘कीप’च्या मागे काय काय जोडले जाते, ते क्रमाने घेऊ.

१) मागे नुसती वस्तू. ‘कीप द रिसीट’, म्हणजे पावती जपून ठेवा. इथे ‘ठेवणे’ बरोबर बसते. वजनाची पावती जपून ठेवा असे आम्ही म्हणतो ते हेच.

२) मागे वस्तू आणि तिची स्थिती. ‘कीप द सीड ड्राय’, म्हणजे बियाणे कोरडे ठेवा. ‘कीप द फील्ड क्लीन’, म्हणजे शेत स्वच्छ ठेवा. इथेही ‘ठेवणे’ चालते. फरक एवढाच की ‘कोरडे’, ‘स्वच्छ’ हा शब्द इंग्रजीत वस्तूच्या नंतर येतो.

३) वस्तू नाही, नुसती स्थिती. ‘कीप क्वाएट’, म्हणजे गप्प राहा. हमरस्त्यावर ‘कीप लेफ्ट’ लिहिलेले असते, त्याचा अर्थ ‘डावीकडे ठेवा’ असा केला तर गाडीवान गाडी डावीकडे लावून झोपेल! त्याचा अर्थ डाव्या बाजूने चला. वस्तू नसली की ठेवायचे असते ते स्वतःला, म्हणून मराठीत ‘राहणे’ येते.

४) मागे ‘-इंग’ लागलेले क्रियापद. ‘कीप वॉकिंग’, म्हणजे चालत राहा. ‘कीप स्टरिंग’, म्हणजे ढवळत राहा. पाण्यात मिसळायची भुकटी टाकीच्या तळाशी बसू नये म्हणून ही सूचना असते. मध्ये वस्तू आली तर ‘कीप द एंजिन रनिंग’, म्हणजे इंजिन चालू ठेवा. या जोडणीत काम थांबू न देण्याचा अर्थ आहे.

५) वस्तू, मग ‘फ्रॉम’, मग ‘-इंग’. इथे नीट लक्ष द्यावे. ‘कीप द वॉटर रनिंग इन्टू द फील्ड’, म्हणजे शेतात पाणी चालू ठेवा. ‘कीप द वॉटर फ्रॉम रनिंग इन्टू द फील्ड’, म्हणजे शेतात पाणी जाऊ देऊ नका. फरक एका ‘फ्रॉम’चा आहे. पहिल्या वाक्याने सरी भिजेल, दुसऱ्याने बांधावरच दार मोडून पाणी वळवावे लागेल. रात्रपाळीला पाणी पाजणाऱ्या गड्याला कुणी चुकीचे वाक्य वाचून सांगितले, तर काय होईल याचा विचार करावा.

६) मागे बारके शब्द. हे दिसायला किरकोळ, पण सगळा अर्थ यांच्याच हातात असतो. ‘कीप ऑन’, म्हणजे करीत राहा. ‘कीप ऑफ’, म्हणजे लांब राहा, वर पाय देऊ नका. मोटारीच्या बटणावर ऑन आणि ऑफ यांत जेवढे अंतर तेवढेच इथे. ‘कीप आउट’, म्हणजे आत येऊ नका. ‘कीप बॅक’, म्हणजे मागे राहा. ‘कीप टू द डोस’, म्हणजे सांगितलेल्या मात्रेलाच धरून राहा, हात सैल सोडू नका. ‘कीप द वीड्स डाउन’, म्हणजे तण डोके वर काढू देऊ नका. हे शेवटचे वाक्य पाहा. ‘डाउन’ हा शब्द ‘कीप’पासून तुटून पार टोकाला जाऊन बसला आहे. पण जोडी त्या दोघांचीच. बैल दोन बाजूंना असले तरी जू एकच, तसे हे आहे.

७) ठरलेल्या जोड्या. ‘कीप अकाउंट्स’, म्हणजे हिशेब ठेवणे. इथे आपले आणि त्यांचे जमले. पण ‘कीप अ प्रॉमिस’ म्हणजे शब्द पाळणे, ‘कीप बीज’ म्हणजे मधमाश्या पाळणे, ‘कीप अ सीक्रेट’ म्हणजे गुपित राखणे. मालमोटारीच्या पाठीमागे ‘कीप डिस्टन्स’ असते, म्हणजे अंतर राखा. आपल्याकडे ठेवणे, राखणे, पाळणे, राहणे अशी चार क्रियापदे जे काम वाटून घेतात, ते त्यांच्याकडे एकटे ‘कीप’ करते. कुठले काम चालले आहे ते शेजारच्या शब्दावरून ओळखायचे.

यात इंग्रजीचेच काही वेगळे आहे असे नाही. आपलेही तसेच आहे. बारशाला आपण बाळाचे नाव ठेवतो, आणि शेजाऱ्याच्या उसाला नावे ठेवतो. पहिल्यात कौतुक, दुसऱ्यात निंदा, क्रियापद मात्र एकच. विश्वास ठेवणे, मान ठेवणे, लक्ष ठेवणे यांत कुठे काय उचलून ठेवले? तरी आपला गोंधळ होत नाही, कारण हे शब्द आपण लहानपणापासून जोडीनेच ऐकले. एक गंमत सांगतो. इंग्रजीत ‘कीप ॲन आय ऑन द क्रॉप’ म्हणजे पिकावर लक्ष ठेवा. शब्दाला शब्द लावून ‘पिकावर डोळा ठेवा’ केले, तर ऐकणारा म्हणेल, हा कुणाचा तरी ऊस लाटायला निघालाय!

जोडीने शिकण्याची ही गोष्ट जाणत्या लोकांनीही मान्य केली आहे. ए. एस. हॉर्नबी नावाचे इंग्रज शिक्षक जपानमध्ये शिकवीत असत. परक्या मुलांना शब्दाचा अर्थ येतो, पण वाक्य जमत नाही हे त्यांनी पाहिले. १९४२ साली त्यांनी सहकाऱ्यांबरोबर तिथे एक कोश काढला. त्यात क्रियापदाच्या मागे काय येऊ शकते याचे पंचवीस नमुने घालून दिले होते. पुढे १९४८ साली ऑक्सफर्डने तो छापला, आणि आज शाळा-कॉलेजांत शिकणाऱ्यांसाठी ऑक्सफर्डचा जो जाड कोश दिसतो, तो त्याचाच वाढलेला अवतार. मुलांना कोश घेऊन द्यायचा असेल तर नुसता शब्दार्थ देणारा न घेता, वाक्ये देणारा घ्यावा.

आता पुन्हा बाटलीकडे. कीटकनाशकांचा कायदा १९६८ चा आणि त्याचे नियम १९७१ चे. त्या नियमांप्रमाणे बाटलीवर टोकावर उभा केलेला चौकोन असतो आणि त्याच्या खालच्या अर्ध्या भागाला रंग असतो. लाल म्हणजे अत्यंत विषारी, मग पिवळा, मग निळा, आणि हिरवा सर्वांत सौम्य. लाल चौकोनावर कवटी आणि हाडांची खूण असते. लाल, पिवळ्या आणि निळ्या अशा तिन्ही वर्गांच्या लेबलावर ‘कीप आउट ऑफ द रीच ऑफ चिल्ड्रन’ हे वाक्य छापावेच लागते. म्हणजे मुलांचा हात पोहोचणार नाही अशा जागी ठेवा. यातले ‘आउट ऑफ’ गाळून वाचले, तर उरते ‘मुलांच्या हाताशी ठेवा’! दोन बारके शब्द किती मोलाचे आहेत ते यावरून दिसेल.

तेव्हा सभासदांना आमच्या सूचना अशा:

१) औषधासोबत येणारे माहितीपत्रक टाकून देऊ नये. प्रादेशिक भाषेतला मजकूर त्यात असतो. बाटली संपेपर्यंत ते बाटलीबरोबरच राहावे.

२) मुलाला ‘या शब्दाचा अर्थ काय’ असे विचारू नये. ‘हे सगळे वाक्य काय सांगते, करायचे की करायचे नाही’ असे विचारावे. ‘नक्की माहीत नाही’ असे मुलाने म्हटले, तर त्याला शाबासकी द्यावी. आमच्या भाच्याला ‘अवे फ्रॉम’ कळले नव्हते आणि तसे तो आम्हाला मोकळेपणाने बोललाही. पण तेच बाटली ठेवण्यापूर्वी विचारण्याची त्याला भीड वाटली. ही भीड घालवणे आपल्या हातात आहे.

३) शंका राहिल्यास बाटली नीट बूच लावून, पिशवीत घालून गट कार्यालयात आणावी. आमचे कर्मचारी वाचून सांगतील. त्यांनाही न कळल्यास ते आम्हाला विचारतील. त्यात कुणाचा कमीपणा नाही.

४) लेबल काहीही म्हणो, औषध स्वयंपाकघरात, माळ्यावर किंवा धान्याशेजारी ठेवू नये. कुलपाच्या पेटीत, घरापासून बाजूला ठेवावे.

हातखंब्याहून निघताना भाचा एसटीपर्यंत पोहोचवायला आला होता. त्याने वहीच्या पानावर ‘कीप’ची सातही वाक्ये उतरून घेतली होती. गाडी हलली तेव्हा ओरडून म्हणाला, “मामा, कीप इन टच म्हणजे काय ठेवायचं?”

आम्ही खिडकीतून सांगितले, “काही ठेवायचं नाही रे, येत-जात राहायचं!”