मक्ता गेला, गाव उरले

मे महिन्याच्या सुट्टीत दुपारी उन्हात हुंदडायला बंदी असे. मग आमच्या चाळीच्या गॅलरीत ‘व्यापार’चा पट मांडला जाई. रंगीत कागदी नोटा, दोन फासे आणि विकत घ्यायला अख्खी मुंबई! या खेळात ‘बँक’ व्हायला कोणी तयार नसे, कारण बँकेने नुसत्या नोटा मोजायच्या, खेळायचे नाही. ते काम हमखास माझ्या गळ्यात पडे. पुढे अडतीस वर्षे मी पोटासाठी तेच केले.

त्या पटाचे मूळ गाव मला पुष्कळ उशिरा, २००६ साली पाहायला मिळाले. माझा थोरला भाऊ न्यू जर्सीत एडिसनला असतो. पहिल्यांदाच त्याच्याकडे गेलो होतो. एका रविवारी तो म्हणाला, “चल, तुला आपला ‘व्यापार’ दाखवतो.” आणि दोन तास गाडी हाकून त्याने मला ॲटलांटिक सिटीला नेले. आपल्या ‘व्यापार’चा अमेरिकन पूर्वज म्हणजे ‘मोनोपॉली’. १९३५ साली बाजारात आलेल्या त्या खेळातले रस्ते या गावचे आहेत. त्याचीही एक आजी आहे. एलिझाबेथ मॅगी नावाच्या बाईंनी १९०४ मध्ये पेटंट घेतलेला एक खेळ. मक्तेदारीने सर्वांचे कसे वाटोळे होते, हे लोकांना दाखवून देणे हा त्यांचा हेतू होता. लोकांनी तो धडा बाजूला ठेवला आणि मक्तेदार होण्याची मजा तेवढी उचलली. या गावाची सारी कथा या एका गोष्टीत आली, असे मला आता वाटते.

गाव मुळात समुद्रस्नानाचे. हॉटेलांच्या गालिच्यांवर आणि रेल्वेच्या डब्यांत पर्यटकांच्या पायांची वाळू येऊ नये म्हणून १८७० साली किनाऱ्यालगत लाकडी फळ्यांचा रस्ता घातला गेला. तोच इथला प्रसिद्ध बोर्डवॉक. १९२१ पासून इथे ‘मिस अमेरिका’ स्पर्धा भरू लागली. १९३० च्या सुमारास गावची वस्ती ६६ हजारांवर गेली होती. पुढे विमाने स्वस्त झाली, लोक फ्लोरिडाच्या उन्हात जाऊ लागले आणि या गावाला उतरती कळा लागली. तेव्हा कोणीतरी उपाय सुचवला तो जुगाराचा. १९७४ मध्ये राज्यातल्या मतदारांनी तो फेटाळला. १९७६ मध्ये ‘कॅसिनो फक्त ॲटलांटिक सिटीतच’ अशी अट घालून पुन्हा कौल घेतला, तो मिळाला. २६ मे १९७८ रोजी पहिला कॅसिनो उघडला. नेव्हाडा सोडले तर अख्ख्या अमेरिकेत दुसरीकडे कुठेही कायदेशीर कॅसिनो नव्हता. न्यूयॉर्क आणि फिलाडेल्फिया ही दोन महानगरे हाकेच्या अंतरावर. म्हणजे वस्तीत किराणा मालाचे एकच दुकान, आणि तेही सरकारी शिक्क्याने!

मी प्रथम गेलो त्या २००६ साली या दुकानाचा गल्ला कळसाला पोहोचला होता. वर्षाला ५.२ अब्ज डॉलर. ‘ताजमहाल’ नावाचा भलामोठा कॅसिनो पाहून आम्ही दोघे भाऊ खूप हसलो. गावोगावच्या बसमधून निवृत्त म्हातारे-कोताऱ्या उतरत होत्या. तिकिटाचे बरेचसे पैसे कॅसिनो कुपनाच्या रूपाने परत देई. आवळा देऊन कोहळा काढणे म्हणतात ते हेच. आत ना खिडकी, ना घड्याळ. बाहेर एवढा अटलांटिक महासागर उसळतोय, आणि सगळी इमारत त्याच्याकडे पाठ करून बसलेली.

संध्याकाळी बोर्डवॉकवरच्या बाकावर आमचे मराठी ऐकून शेजारच्या बाई एकदम वळल्या. “भाऊ, मुंबईचे का?” बाई गुजराती, पण खेतवाडीत वाढलेल्या, मराठी आपल्यासारखेच स्वच्छ. एका कॅसिनोत पत्ते वाटायच्या नोकरीला होत्या. पंधरा वर्षे झाली होती. मालक बदलले पण नोकरी टिकली. कर्ज काढून घर घेतले होते. “जुगार कधी खेळलात का?” मी विचारले. “छे हो! एक पैसासुद्धा लावला नाही कधी,” त्या म्हणाल्या. बाईंचे खरे होते. त्यांनी फक्त घर, नोकरी आणि पेन्शन लावली होती.

त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात शेजारच्या पेनसिल्व्हेनिया राज्यात पहिला कॅसिनो उघडला. कनेटिकटमध्ये आदिवासी जमातींचे दोन प्रचंड कॅसिनो त्याआधीच, १९९२ आणि १९९६ पासून सुरू होते. २०१० मध्ये पेनसिल्व्हेनियाने यंत्रांच्या जोडीला पत्त्यांच्या टेबलांनाही परवानगी दिली. २०१२ मध्ये त्या राज्याने उलाढालीत ॲटलांटिक सिटीला मागे टाकले. फिलाडेल्फियाच्या आजोबांना कोपऱ्यावर यंत्र मिळाल्यावर ते शंभर किलोमीटर बस कशाला पकडतील?

बँकेत आम्हाला पहिला धडा मिळे तो असा, की कर्ज मागायला आलेल्याचा चेहरा नंतर पाहावा, आधी तारण पाहावे. या गावाचे तारण काय होते? समुद्र? नव्हे, तो तर कोणी हिशेबातच धरला नव्हता. तारण होते ते इतर राज्यांतली बंदी. म्हणजे शेजाऱ्याच्या दारावरचे कुलूप आपण तारण म्हणून लिहून दिले; किल्ली मात्र शेजाऱ्याच्याच कमरेला! त्याला पैशाची चणचण भासली त्या दिवशी त्याने कुलूप काढले. त्यात अधर्म काही नव्हता. न्यू जर्सीनेही १९७६ मध्ये नेमके तेच केले होते.

आणि धोक्याचा घंटानाद ऐकून गावाने काय केले? आणखी मोठा कॅसिनो बांधला. २.४ अब्ज डॉलर खर्चून ‘रेव्हल’ नावाचा काचेचा मनोरा एप्रिल २०१२ मध्ये उघडला, आता हाच गावाला तारणार म्हणून. भरवशाच्या म्हशीला टोणगा झाला. सप्टेंबर २०१४ मध्ये तो बंद पडला आणि पुढच्या वर्षी ८ कोटी २० लाख डॉलरना विकला गेला. रुपयाचे साडेतीन पैसेही हाती आले नाहीत. त्या एका वर्षात गावातल्या बारापैकी चार कॅसिनोंना टाळे लागले. जेमतेम ३९ हजार वस्तीच्या गावात सुमारे आठ हजार नोकऱ्या गेल्या.

पुतण्याच्या लग्नासाठी २०१५ मध्ये पुन्हा गेलो, तेव्हा दादाला म्हटले, त्या बाईंना फोन लाव. भेटल्या. त्या चार कॅसिनोंपैकी एक त्यांचा होता. दुसऱ्या हॉटेलात खोल्या आवरायचे काम मिळाले होते. सेवाज्येष्ठता शून्यापासून. तेवीस वर्षे नोकरी केलेल्या माणसाला ‘तुम्ही नवीन’ म्हटल्यावर काय वाटते, हे कुठल्याही बँक कर्मचाऱ्याला समजावून सांगायला नको. घराची किंमत इतकी उतरली होती की विकून कर्ज फिटत नव्हते. बाई रडल्या नाहीत. म्हणाल्या, “भाऊ, पत्ते वाटताना एक शिकले. हरलेला माणूस टेबल सोडत नाही. आमच्या गावाचं तसंच आहे.”

मला त्यावेळी लालबाग आठवले. १९८४ साली नोकरीला लागलो ते तिथल्याच शाखेत. गिरण्यांचा संप होऊन दोन वर्षे उलटली होती. पासबुकात दर महिन्याची पगाराची ओळ यायची थांबली, की पुढचे पान कसे दिसते ते मी काउंटरच्या अलीकडून पाहिले आहे. गिरणी आणि कॅसिनो यांत फरक जमीन-अस्मानाचा. पण एकाच धंद्यावर उभ्या असलेल्या वस्तीचे पासबुक सगळीकडे सारखेच दिसते.

मग लास व्हेगास कसे टिकले? स्पर्धा त्यालाही होती; मकाऊने तर २००६ मध्येच त्याला उत्पन्नात मागे टाकले. याचे उत्तर किराणा आणि जत्रा यांतल्या फरकात आहे. किराण्यासाठी माणूस जवळचे दुकान पाहतो, जत्रेला मात्र लांबून येतो, मुक्काम करतो. लास व्हेगासने १९८९ च्या ‘मिराज’पासून स्वतःची जत्रा केली. नाटके, सर्कस, परिषदा, खाणावळी, अलीकडे फुटबॉलचा संघ आणि २०२३ पासून मोटारशर्यतीही. तिथल्या मुख्य रस्त्यावरच्या हॉटेलांना जुगारातून मिळणारा पैसा गेली पंचवीस वर्षे एकूण उत्पन्नाच्या निम्म्याहून कमी आहे. थोडक्यात, जुगाराचे शहर टिकले ते जुगारावरचे अवलंबन कमी करून! वाळवंटात ज्यांच्याकडे काहीच नव्हते त्यांनी जत्रा उभारली, आणि ज्यांच्या दाराशी महासागर होता ते दुकानाच्या गल्ल्यावर बसून राहिले.

ॲटलांटिक सिटी मेली मात्र नाही. २०१५ पर्यंत निम्म्यावर आलेला गल्ला सावरला. २०१६ मध्ये बंद पडलेल्या ‘ताजमहाल’ची इमारत आणि ‘रेव्हल’, दोन्ही २०१८ मध्ये नव्या नावांनी उघडली. आज नऊ कॅसिनो चालू आहेत. पण २०२४ चा हिशेब पाहा. लोकांनी प्रत्यक्ष येऊन खेळलेल्या जुगारातून सुमारे २.८ अब्ज डॉलर, तर घरबसल्या इंटरनेटवर खेळलेल्या जुगारातून सुमारे २.४ अब्ज. परवाने इथल्या कॅसिनोंचे, खेळणारा मात्र कुठेतरी सोफ्यावर. त्याला ना खोली लागते, ना जेवण, ना पत्ते वाटणाऱ्या बाई. त्यात आता न्यूयॉर्क शहरातच मोठे कॅसिनो येऊ घातले आहेत. शेवटचे कुलूपही निघाले.

यात आपण शहाणे ठरलो असे समजायचे कारण नाही. न्यू जर्सीने कौल घेतला त्याच १९७६ मध्ये आपल्या विधिमंडळाने महाराष्ट्रासाठी कॅसिनोचा कायदा केला होता. तो कधी अमलात आला नाही आणि २०२३ मध्ये रद्द झाला. मांडवीतल्या तरंगत्या कॅसिनोंचे पुष्कळसे गिऱ्हाईक शेजारच्या राज्यांतून जाते, आपल्याही. गोव्याच्या तिजोरीने त्यात आनंद जरूर मानावा. पण ते कुलूपही शेजाऱ्याच्याच दारावरचे आहे, एवढे ध्यानात असलेले बरे. गोव्याजवळ सुदैवाने समुद्र आहे, संगीत आहे, देवळे आणि चर्चेस आहेत. त्याकडे पाठ करून बसू नये, इतकेच.

निवृत्तीनंतर, २०२३ च्या उन्हाळ्यात, तिसऱ्यांदा त्या बाकावर बसलो. बाई आल्या, सोबत मुलगा. २०१८ मध्ये एका सरकारी विद्यापीठाने समुद्राकाठी आपली शाखा उघडली आहे, तिथे तो शिकतो. त्यांचे घर अजून आहे, कर्जाचे हप्तेही आहेत. मी विचारले, “गाव टिकेल का हो?” मुलगा म्हणाला, “कॅसिनोंचं माहीत नाही, काका. मी सकाळी इथे पोहायला येतो. गर्दी असते.”

बाईंनी पिशवीतून थेपले काढले. आम्ही चौघे समुद्राकडे तोंड करून बसलो. तीन खेपांत पहिल्यांदाच माझ्या लक्षात आले, की बोर्डवॉकवरचे बाक मुळात त्याच दिशेला मांडलेले आहेत.