बोटुकली खरंच बोटाएवढी आहे का? मोबाईलच्या कॅमेऱ्यातून बघू



१६ जून ते १५ ऑगस्ट नदी-जलाशयात मासेमारी बंद. आपल्या पांढुर्णा-सौंसर भागात तलावात बीज सोडायचं काम मात्र याच दिवसांत येतं. भाव बोटुकलीचा लागतो आणि पिशवी सोडली की आत बारीक माल निघतो, हे बऱ्याच जणांनी भोगलंय. जलाशयात ८ ते १० सेंटीमीटरचं बीज हवं. त्याहून लहान असलं की मरळ गिळून टाकते, म्हणजे पैसे पाण्यात.

म्हणून आम्ही एक छोटा डेमो बनवलाय. ॲप नाही, डाउनलोड नाही. ब्राउझरमध्ये पान उघडायचं, कॅमेऱ्याला परवानगी द्यायची आणि कागदावर छापलेलं काळ्या चौकटीचं चिन्ह त्याला दाखवायचं. चिन्हाशेजारी १० सेंटीमीटरची लाल पट्टी दिसते. कागदावर ती नसते, मोबाईल ती चित्रावर काढतो. याला ऑगमेंटेड रिॲलिटी म्हणतात.

चालतं कसं? मोबाईल प्रत्येक चित्रात काळी चौकट शोधतो. चार कोपरे सापडले की कॅमेरा किती दूर आणि किती तिरपा आहे, याचा हिशेब लागतो. हे डोकं जुनंच आहे: जपानच्या हिरोकाझू कातो यांनी १९९९ मध्ये एआरटूलकिट बनवलं. त्यावरूनच २०१७ मध्ये जेरोम एटियेन यांनी ब्राउझरसाठी एआर.जेएस तयार केलं, तेही फुकट. आपल्या पानात त्याच्या जेमतेम पंधरा ओळी आहेत.

मापाचं गणित सोपं आहे. या प्रोग्रामात चिन्हाची रुंदी म्हणजे १. आपलं चिन्ह ८ सेंटीमीटरचं, म्हणून १० सेंटीमीटरच्या पट्टीला १.२५ लिहायचं. छापताना प्रिंटरने चिन्ह लहान केलं तर पट्टीही खोटी होते, तेव्हा चिन्ह आधी फूटपट्टीने मोजा.

बीज चिन्हाच्याच पातळीवर पाहिजे. थाळी उंच असली तर मासा मोठा दिसतो, म्हणजे फायदा विकणाऱ्याचा! थाळीत पाणी अगदी कमी ठेवा. चौकटीवर अंगठा आला, ओला कागद चमकला किंवा बाहेरची पांढरी किनार कापली, तर पट्टी गायब होते. आणि पानाचा पत्ता एचटीटीपीएसचा नसेल तर ब्राउझर कॅमेरा उघडतच नाही.

मग फूटपट्टीच का नको? एका माशाला फूटपट्टीच बरी. पण वळवळणाऱ्या वीस-पंचवीस बिजांवर पट्टी दिसते, सगळ्यांना एकदम दिसते, आणि स्क्रीनशॉट घेतला की बीज पाण्यात सोडायच्या आधीचा पुरावा हातात राहतो. चित्र मोबाईलमध्येच तपासलं जातं, कुठे पाठवलं जात नाही.

चिन्हाचे छापील कागद समितीत ठेवले आहेत. बीज घ्यायला जाताना एक सोबत न्या, घडी मात्र घालू नका.