लातूर-नांदेडच्या काळ्या पाषाणाने जगाचं हवामान कसं बदललं होतं?

लातूर जिल्ह्यात विहीर खणायला घेतली की काय लागणार, हे साधारण ठरलेलं असतं. वर काळी माती, तिच्याखाली मुरूम आणि मग काळा पाषाण. काही ठिकाणी या पाषाणाच्या मधेच विटकरी रंगाच्या मातीचा पातळ पट्टा लागतो आणि पुन्हा काळा दगड सुरू होतो.

हा काळा पाषाण म्हणजे थंड होऊन गोठलेला लाव्हा, अर्थात बेसाल्ट. विटकरी पट्टा म्हणजे दोन उद्रेकांमधला शांततेचा काळ. तेवढ्या काळात आधीच्या लाव्हाचा पृष्ठभाग ऊन-पावसाने झिजला, त्याची माती झाली आणि पुढच्या लाव्हाने ती झाकून टाकली. सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी हे घडलं, तेव्हा भारत विषुववृत्ताच्या दक्षिणेला समुद्राने वेढलेला एक वेगळा भूखंड होता.

किती मोठा होता हा उद्रेक?

ज्वालामुखी म्हटलं की टोकदार डोंगर डोळ्यांसमोर येतो. इथे मात्र लाव्हा प्रामुख्याने जमिनीला पडलेल्या लांबच लांब भेगांमधून बाहेर आला आणि पाण्यासारखा पसरत गेला. थरावर थर चढले. या खडकाला ‘डेक्कन ट्रॅप’ म्हणतात. ‘ट्रॅप’ हा शब्द पायरी या अर्थाच्या स्वीडिश शब्दावरून आला आहे. बालाघाटच्या डोंगररांगांची पायऱ्यापायऱ्यांची उतरण पाहिली की हे नाव का पडलं ते कळतं.

आज हा खडक सुमारे ५ लाख चौरस किलोमीटरवर पसरलेला आहे. सह्याद्रीकडे त्याची जाडी सर्वांत जास्त आहे आणि पूर्वेकडे ती कमी होत जाते. ३० सप्टेंबर १९९३ च्या भूकंपानंतर किल्लारीजवळ संशोधनासाठी ६१७ मीटर खोल छिद्र घेण्यात आलं. त्यात लाव्हाचे थर सुमारे ३३८ मीटरपर्यंत होते. खाली काही मीटर गाळ आणि त्याखाली अतिप्राचीन ग्रॅनाइटसारखा खडक लागला. (हा भूकंप ज्वालामुखीमुळे झालेला नव्हता. या जुन्या खडकात साठलेला ताण मोकळा झाल्याने तो झाला.)

नांदेड जिल्ह्यात तर ही चादर संपताना दिसते. देगलूर, बिलोली परिसरात काळा पाषाण सरतो आणि ग्रॅनाइटचे गोलसर खडक उघडे पडतात.

लाव्हाने हवामान कसं बदलतं?

लाव्हा जिथे वाहतो तिथेच जाळतो. त्याच्यासोबत निघणारे वायू मात्र जगभर पोहोचतात. त्यातले दोन महत्त्वाचे.

पहिला सल्फर डायऑक्साइड. हवेत उंचावर गेल्यावर त्याचे सूक्ष्म कण बनतात, ते सूर्यप्रकाश परतवतात आणि पृथ्वी थंड होते. १९९१ मध्ये फिलिपिन्समधल्या पिनाटुबोच्या उद्रेकानंतर जगाचं सरासरी तापमान सुमारे अर्ध्या अंशाने घटलं होतं. पण हे कण दोन-तीन वर्षांत खाली बसतात.

दुसरा कार्बन डायऑक्साइड. तो उष्णता धरून ठेवतो आणि त्याचा परिणाम हजारो वर्षं टिकतो. म्हणजे डेक्कनच्या प्रत्येक मोठ्या उद्रेकानंतर आधी गारठा आणि मग दीर्घकाळ उष्मा, असे झटके बसत असावेत. समुद्राच्या तळाच्या गाळातले सूक्ष्म जीवांचे कवच तपासल्यावर डायनासोर नष्ट होण्याच्या सुमारे ३ लाख वर्षं आधी जग काही अंशांनी तापल्याचं दिसतं. अनेक शास्त्रज्ञ त्याचा संबंध डेक्कनशी जोडतात.

मग डायनासोर कशामुळे संपले?

मेक्सिकोतल्या चिक्शुलूब इथे पडलेला लघुग्रह हे बहुतेक शास्त्रज्ञांच्या मते मुख्य कारण आहे. वाद आहे तो डेक्कनचा वाटा किती, याबद्दल. २०१९ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात दोन अभ्यास एकत्र प्रसिद्ध झाले. एका गटाने लाव्हाच्या थरांमधल्या विटकरी पट्ट्यांतून झिरकॉनचे स्फटिक काढून त्यांचं वय मोजलं, तर दुसऱ्याने थेट लाव्हातल्या खनिजांचं.

संपूर्ण उद्रेक साधारण १० लाख वर्षांत आटोपला, यावर दोघांचं एकमत झालं. पण पहिल्या गटाच्या मते एक मोठा टप्पा लघुग्रह पडण्याच्या काही दहा हजार वर्षं आधी सुरू झाला होता. दुसऱ्याच्या मते बहुतांश लाव्हा नंतर आला.

पृथ्वी सावरली कशी?

गंमत म्हणजे ज्या खडकाने हवा बिघडवली, त्यानेच ती सुधारायला मदत केली. पावसाच्या पाण्यात कार्बन डायऑक्साइड विरघळतो, ते किंचित आम्लधर्मी पाणी बेसाल्ट झिजवतं, आणि कार्बन नद्यांवाटे समुद्रात जाऊन चुनखडीत अडकतो. मराठवाड्याची काळी माती याच झिजेतून तयार झाली. औसा तालुक्यातली खरोसा लेणी ज्या जांभ्या दगडात कोरली आहेत, तोही अशाच झिजेतून बनतो. फक्त या कामाला लाखो वर्षं लागतात.

आज याचा काय संबंध?

संबंध वेगाचा आहे. डेक्कनमधून एकूण १०.४ लाख कोटी टनांपर्यंत कार्बन डायऑक्साइड बाहेर पडला असावा, असा २०२३ मधल्या एका अभ्यासाचा अंदाज आहे. तो १० लाख वर्षांवर विभागला तर वर्षाला सरासरी सुमारे १ कोटी टन होतो. उद्रेक टप्प्याटप्प्याने झाले, त्यामुळे काही काळ हा आकडा खूप जास्त असणार. पण आज माणूस कोळसा, तेल आणि वायू जाळून वर्षाला ३,५०० कोटी टनांहून अधिक कार्बन डायऑक्साइड हवेत सोडतो. आजचे सगळे ज्वालामुखी मिळून याच्या एक टक्काही सोडत नाहीत.

एप्रिल २०१६ मध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं होतं. त्यामागे दुष्काळ होता, पाण्याचं नियोजन होतं आणि हा पाषाणही होता. अखंड बेसाल्टमध्ये पाणी फारसं मुरत नाही, ते भेगांमध्ये आणि झिजलेल्या थरांतच साठतं. त्यामुळे पाऊस हुकला की इथल्या विहिरी लवकर तळ गाठतात. हवामान जितकं लहरी होईल, तितकी ही अडचण वाढेल.

विहिरीतल्या त्या विटकरी पट्ट्यात पृथ्वीला दोन उद्रेकांमध्ये मिळालेला सावरण्याचा वेळ दिसतो. आजच्या वेगात तसा वेळ मिळत नाही.