पिकअपचे नाक आणि घाटघरचा रस्ता



ऊस विकास विभागाने गाडीच्या नाकात कशाला शिरावे, असे कोणी म्हणेल. पण बेणे, खत, ठिबकच्या नळ्या, नारायणगावला जाणारा टोमॅटो, सगळे आता डिझेल पिकअपवर चालते. ऐन लागणीत गाडी गॅरेजला लागली की तोडलेले बेणे बांधावर सुकते. हल्ली काही तरुण सभासद कंपनीचा हवेचा डबा काढून त्या जागी शंकूच्या आकाराचा उघडा फिल्टर बसवतात. गाडी जोर धरते म्हणतात. म्हणून हे चार शब्द.

आधी जोराचे बघू. डिझेल इंजिन आपल्या गरजेपेक्षा जास्तच हवा ओढत असते. तुम्ही पाय दाबला की वाढते ते डिझेल. तेव्हा फिल्टर ठीक असताना नुसता हवेचा रस्ता मोठा केला म्हणून जोर येत नाही. येतो तो आवाज! उलट उघडा फिल्टर बॉनेटखालची तापलेली हवा ओढतो. २५ अंशाची हवा ५५ अंशाला गेली की सुमारे ९ टक्के विरळ होते. म्हणजे पैसे देऊन पातळ हवा विकत घेतली.

आता धुळीचे. बोलेरो पिकअपचे इंजिन २५२३ सी.सी.चे. मिनिटाला ३००० फेऱ्यांवर ते साधारण पावणेचार हजार लिटर हवा ओढते, टर्बोमुळे त्याहूनही जास्त. दोनशे लिटरचे एकोणीस बॅरल दर मिनिटाला! गाळप हंगामात पाणंदीने उसाच्या ट्रॉलीमागे चालणारी गाडी या हवेबरोबर काय गिळत असेल, ते चालवणाऱ्याच्या टोपीवरून कळते. मातीतली बारीक वाळू आत गेली की रिंगा आणि लायनर घासतात, इंजिन ऑइल खाऊ लागते, धूर सुटतो आणि शेवटी इंजिन खोलावे लागते. धूळ अडवण्यात कंपनीचा कागदी फिल्टर आजही भरवशाचा आहे. तेल लावलेले सुती फिल्टर धुऊन परत वापरता येतात हे खरे. पण तेल जास्त झाले तर ते हवा मोजणाऱ्या सेन्सरवर बसते, कमी झाले तर धूळ आत जाते. आपल्याकडे ते काम मापात कोण करणार?

पूर्वेकडे धूळ, तर पश्चिमेला पाणी. पावसाळ्यात आपल्या काही गाड्या खत किंवा घरबांधणीचा माल घेऊन आपटाळे, चावंडवरून घाटघरला जातात. जीवधनच्या पायथ्याचा तो पाऊस सांगायला नको. ओढ्याची फरशी पाण्याखाली गेलेली असते आणि पिकअपच्या हवेचे तोंड बॉनेटच्या आत असते. सिलिंडरमध्ये पाणी शिरले तर हवेसारखे ते दाबले जात नाही, कनेक्टिंग रॉड वाकतो. पाण्यात गाडी बंद पडली तर परत स्टार्टर मारू नये. ढकलून बाहेर काढावी आणि मेकॅनिककडून आतले पाणी तपासून घ्यावे.

या रस्त्यावर नेहमी जाणाऱ्याला काही बसवायचेच असेल तर हवेचे तोंड उंच नेणारी नळी, म्हणजे स्नॉर्केल, बसवावी. डबा आणि कागदी फिल्टर कंपनीचाच ठेवावा. यात नवे काही नाही. ट्रॅक्टरच्या बॉनेटवर छत्रीसारखे जे टोपण उभे असते ते हेच काम करते. धूळ जमिनीलगत दाट आणि वर विरळ असते, म्हणून नळीचा उपयोग उन्हाळ्यातही होतो. तोंडाशी धूळ फिरवून बाजूला टाकणारे प्री-क्लीनर मिळाले तर आणखी चांगले. घेताना पावसाचे पाणी गळून जायला जागा आहे का ते बघा आणि नळी आपल्याच मॉडेलची घ्या.

पण सगळी मदार सांध्यांवर असते. कितीही महाग नळी घेतली आणि क्लिप ढिली राहिली तर इंजिन तिथूनच धूळ-पाणी ओढणार. बसवल्यावर इंजिन मंद चालू ठेवून नळीचे तोंड फळीने क्षणभर बंद करावे, हात लावू नये. इंजिन गुदमरले तर सांधे घट्ट आहेत. बिनधास्त चालत राहिले तर कुठेतरी गळती आहे. पंधरवड्याने इंजिन बंद करून फिल्टरच्या पुढच्या, इंजिनाकडच्या नळीत बोट फिरवा. बोटाला माती लागता कामा नये.

फिल्टर रोज उघडून झटकण्याची खोड मात्र सोडावी. थोडा मळलेला कागद बारीक धूळ नव्यापेक्षा चांगली अडवतो आणि प्रत्येक वेळी उघडताना थोडी माती आत पडतेच. कॉम्प्रेसरची जोराची हवा मारली की कागदाला डोळ्यांना न दिसणारी भोके पडतात. धुळीच्या दिवसांत पुस्तकातल्या किलोमीटरच्या आधीच नवा टाकावा.

स्नॉर्केल लावले म्हणजे गाडीची होडी झाली, असेही कोणी समजू नये. वायरिंग, चाकांचे बेअरिंग आणि डिफरन्शियल खालीच असतात, आणि फरशीवरचा लोंढा गाडीच उचलून नेतो. तिथे थांबणे हाच उपाय.

मोटार वाहन कायदा १९८८, कलम ५२ प्रमाणे नोंदणीतल्या मूळ तपशिलात फरक पडेल असा बदल करता येत नाही. तेव्हा बॉडीला भोक पाडण्याआधी आरटीओ कार्यालयात विचारावे. गाडी वॉरंटीत असेल तर विक्रेत्याकडून लेखी उत्तर घ्यावे, तोंडी नको.