घोडा घेताय? रंग-उंची नंतर बघा, आधी काम आणि आपला हात ओळखा

मार्गशीर्ष लागला की घोड्यांच्या बाजाराची चर्चा गावोगावी सुरू होते. दत्तजयंतीला तापीकाठी सारंगखेड्याची (ता. शहादा, जि. नंदुरबार) यात्रा भरते, तर त्याच महिन्यात माळेगावला (ता. लोहा, जि. नांदेड) खंडोबाची यात्रा असते. राजस्थान, गुजरात, पंजाब, उत्तर प्रदेशातून घोडे येतात. मोबाईलवर रील्स फिरतात, लाखांच्या बोलीचे आकडे ऐकू येतात आणि गावातल्या पोरांना वाटायला लागतं, यंदा आपल्याही दारात घोडा पाहिजे.

घोडा दारात येतो. पण चार-सहा महिन्यांत तोच घोडा विकायला काढल्याची जाहिरात व्हॉट्सअॅप ग्रुपवर दिसते. कुणी पडून हात मोडून घेतलेला असतो, कुणाला खर्च झेपत नाही, कुणाचं जनावर घरच्या बाईमाणसाला जवळ येऊ देत नाही. अशा वेळी दोष घोड्यावर टाकला जातो. खरं तर बऱ्याचदा घोडाही चांगला असतो आणि मालकही. दोघांची जोडीच चुकलेली असते. ही जोडी घेण्याआधी कशी जुळवायची, ते समजून घेऊ.

देवमण बघा, पण त्यावर थांबू नका

बाजारात पहिली नजर रंगावर जाते. नुकरा, अबलख, कुमैत, पंचकल्याणी. मग उंची मोजली जाते, कानाची टोकं जुळतात का ते बघतात, अंगावरचे भोवरे तपासतात, देवमण शोधतात. या गोष्टींनी किंमत चढते-उतरते हे खरं आहे. पुढं विकायचा विचार असेल तर त्या बघाव्याही लागतात.

पण देवमण असलेला घोडा लाथ मारणार नाही, याची हमी कुणी देत नाही. उंची जास्त म्हणून तो डीजेला बिचकणार नाही, असंही नाही. रंग आणि भोवरा बाजारभाव सांगतात. स्वभाव, वय आणि सवय मात्र वेगळी तपासावी लागते.

आधी काम ठरवा

वरातीसाठी : घोड्यावर बसणारा नवरदेव बहुतेक आयुष्यात पहिल्यांदाच बसलेला असतो. पुढं लहान करवला असतो, भोवती ढोल, फटाके आणि नाचणारी गर्दी. इथं स्वाराला सांभाळून घेणारं, पोक्त, आवाजाला सरावलेलं जनावर लागतं. देखणं पण बुजरं शिंगरू या कामाला घेणं म्हणजे दुसऱ्याच्या लेकराचा जीव धोक्यात घालणं.

शौकाच्या सवारीसाठी : मारवाडी आणि काठियावाडी घोड्यांना मागणी असते. आत वळलेले कान ही दोन्ही जातींची ओळख. चपळ, तल्लख जनावरं. लगामाचा बारीक इशाराही त्यांना कळतो, त्यामुळे स्वाराचा हात कडक किंवा अस्थिर असेल तर ती लगेच भडकतात. आधी मांड पक्की पाहिजे.

टांगा-गाडीसाठी : पाठीवर स्वार घेणारा प्रत्येक घोडा गाडीला चालतो असं नाही. मागून येणारा चाकांचा आवाज आणि अंगाला लागणारे दांडे यांची सवय वेगळी लावावी लागते. गाडीला हवा असेल तर गाडीला जुंपूनच बघावा.

मेंढपाळांसाठी : वाड्याबरोबर रानोमाळ फिरायचं, बिऱ्हाड पाठीवर न्यायचं आणि मिळेल त्या चाऱ्यावर तग धरायची. या कामाला भीमथडी घोडा पिढ्यान् पिढ्या वापरात आहे. बांधा लहान, पण काटक. राष्ट्रीय पशु आनुवंशिक संसाधन ब्युरोने त्याची स्वतंत्र जात म्हणून नोंदही केली आहे. डोंगराळ भागात कमी खर्चात काम करणारं जनावर हवं असेल तर उंचीच्या मागं न लागता याचा विचार करावा.

पैदाशीसाठी : घोडी सुमारे ११ महिने गाभण असते. शिंगरू हाताशी येऊन विकण्याजोगं होईपर्यंत आणखी काळ जातो. तोवर पैसा अडकून राहणार, हे धरूनच उतरावं.

घोडा, घोडी की खच्ची?

रील्समध्ये दिसतो तो बहुतेक वळू घोडा. मान ताठ, अंगात मस्ती. पण शेजारी माजावरची घोडी आली की तो कुणाचं ऐकत नाही. दावं तोडतो, दुसऱ्या घोड्यावर धावून जातो. त्याला सांभाळायला अनुभवी माणूस आणि स्वतंत्र जागा लागते. घरात लहान मुलं असतील आणि मालक नवखा असेल तर वळू घेऊ नये.

घोडी सहसा सांभाळायला सोपी जाते, फक्त माजाच्या दिवसांत थोडी चिडचिडी होते. खच्ची केलेला घोडा सगळ्यांत स्थिर असतो. आपल्याकडे त्याला बाजारात मान कमी, पण रोजच्या सवारीला आणि शिकणाऱ्याला त्याच्यासारखा सोबती नाही.

नवखा मालक आणि नवखं शिंगरू

सगळ्यांत जास्त फसते ती ही जोडी. "लहान आहे तोवर घेऊ, दोघंही बरोबरच शिकतील," असा हिशोब केला जातो. अदंत शिंगरू स्वस्तात मिळतं, म्हणून तो बरोबरही वाटतो. पण दोघांपैकी एकालाही काही येत नसेल तर शिकवणार कोण? शिंगराने एकदा चावून बघितलं, मालक मागं सरला, की ते चावायला शिकलं. एकदा अडलं आणि मालक खाली उतरला, की अडायला शिकलं.

नवख्या माणसाने शिकलेला, सहा ते बारा वर्षांचा घोडा बघावा. चांगली निगा ठेवली तर घोडा पंचवीस वर्षांच्या आसपास जगतो, त्यामुळे दहा वर्षांचा घोडा म्हातारा समजू नये.

वय दातांवरून कळतं. पुढचे मधले दुधाचे दात साधारण अडीच वर्षांनी पडून पक्के येतात, ते झालं दोनदाती. साडेतीनला चारदाती आणि साडेचारला कडेचे दात बदलतात. पाच वर्षांच्या सुमारास तोंड पूर्ण होतं. खालच्या दातांवरचे काळे खड्डे सहाव्या ते आठव्या वर्षापर्यंत मधून कडेकडे झिजत जातात. वरच्या कडेच्या दातावर दहाव्या वर्षाच्या सुमारास हिरडीजवळ उभी खाच दिसू लागते आणि ती वयाबरोबर खाली सरकते. तीन वर्षांच्या आत पाठीवर बसूच नये, हाडं कच्ची असतात.

दोघांचंही वजन बघा

स्वार आणि खोगीर मिळून घोड्याच्या वजनाच्या पाचव्या हिश्श्याच्या वर जाऊ नये, असा साधारण हिशोब आहे. घोड्याचं वजन काढायला काटा लागत नाही, शिवणकामाचा टेप पुरतो. पुढच्या पायांमागून छातीचा घेर सेंटीमीटरमध्ये घ्यायचा. खांद्याच्या टोकापासून पुठ्ठ्याच्या टोकापर्यंत लांबी घ्यायची. घेर गुणिले घेर गुणिले लांबी, भागिले ११,८८०. उत्तर किलोमध्ये येतं.

समजा घेर १५५ आणि लांबी १४५ सेंटीमीटर आली, तर वजन सुमारे २९३ किलो. त्याचा पाचवा हिस्सा ५८ किलो. म्हणजे ८० किलोच्या माणसाने या घोड्यावर रोज दौड करणं त्याच्या पाठीला आणि पायांना परवडणारं नाही.

घरचा हिशोब

घोड्याला रोज त्याच्या वजनाच्या सुमारे दोन टक्के कोरडा चारा-चंदी लागते. ३०० किलोच्या घोड्याला ६ किलो, म्हणजे महिन्याला १८० किलो. त्यात मुख्य भाग चाऱ्याचा पाहिजे. हरभरा, भरडा, कोंडा हे कामाप्रमाणे. पाणी दिवसाला २५ ते ४० लिटर, उन्हाळ्यात जास्तच. टँकरवर चालणाऱ्या गावाने हा आकडा आधी बघावा. शिवाय दीड-दोन महिन्यांनी नालबंद लागतो, खूर साफ करायचे, खरारा करायचा, जंताचं औषध आणि धनुर्वाताची लस द्यायची.

पैशापेक्षा मोठा प्रश्न वेळेचा. भाकरी का करपली, घोडा का अडला, विड्याचं पान का सडलं, या जुन्या कोड्याचं उत्तर सगळ्यांना पाठ आहे : न फिरवल्यामुळे. दिवसभर अगाडी-पिछाडी बांधून ठेवलेला आणि वर हरभरा खाणारा घोडा आठवड्यातून एकदा सोडला, तर तो उधळणारच. रोज एक-दोन तास देणारा माणूस घरात नसेल, तर खरेदी पुढं ढकललेली बरी.

बाजारात चाचणी कशी घ्यावी?

- सजवून, फिरवून आणलेला घोडा बघण्याआधी तो ठाणावर बांधलेला बघावा. कान मागं पाडतो का, माणूस जवळ येताच पुठ्ठा फिरवतो का, ते कळतं.
- चारही पाय उचलायला लावावेत. पाय देत नसेल तर नाल ठोकताना रोजची कुस्ती ठरलेली.
- कठीण जमिनीवर दुडकी चालवावा. पुढच्या पायाने लंगडत असेल तर दुखरा पाय टेकताना मान वर जाते.
- आधी विकणाऱ्याला बसायला सांगावं. तो बसायला का-कू करत असेल तर आपणही बसू नये.
- बाकीच्या घोड्यांपासून लांब एकट्याला न्यावं. ट्रॅक्टर, दुचाकी, वाजंत्री यांच्याजवळून फिरवावं.
- तोंड उघडून ओठांचे कोपरे आणि जीभ बघावी. जुन्या जखमा दिसल्या तर जनावर काटेरी लगामावर शिकवलेलं असू शकतं. असा लगाम वापरायला १९६५ च्या नियमांनी बंदी आहे. तो काढला की घोडा कसा वागतो, ते स्वतः बघावं.
- दुसऱ्या दिवशी सकाळी, न कळवता पुन्हा जावं. काल गरीब गाय वाटलेलं जनावर आज तसंच आहे का, याची खात्री होते. गुंगीचं किंवा वेदनेचं औषध दिलं असेल तर तेही उघड होतं.

शक्य असेल तर सोबत पशुवैद्यक न्यावा. दलालाचा ओळखीचा नको, आपला पाहिजे.

कागद आणि रोग

ग्लँडर्स हा घोड्यांचा जिवाणूजन्य रोग माणसालाही होतो. नाकातून चिकट शेंबूड, अंगावर गाठी आणि फुटणाऱ्या जखमा ही लक्षणं. लस उपलब्ध नाही. रक्ततपासणीत रोग पक्का झाला तर घोड्याला दयामरण द्यावं लागतं. त्यामुळे रक्ततपासणीचा अहवाल आणि आरोग्य प्रमाणपत्र बघितल्याशिवाय व्यवहार करू नये. अहवालातलं वर्णन समोरच्याच घोड्याचं आहे का, तेही रंग आणि खुणा जुळवून तपासावं. बाजारातली खरेदीची पावती जपून ठेवावी.

घरी आणल्यावर

पहिले दोन-तीन आठवडे घरच्या जनावरांपासून वेगळा बांधावा. पाणी-चाऱ्याची भांडीही वेगळी ठेवावीत. तो आधी काय खात होता ते विचारून घ्यावं आणि चारा आठ-दहा दिवसांत हळूहळू बदलावा. घोड्याला उलटी करता येत नाही. खाण्यात एकदम बदल झाला तर पोटशूळ उठतो. पाय आपटणं, पोटाकडं वळून बघणं, घाम येणं, पुन्हा पुन्हा लोळणं दिसलं तर घरगुती उपाय करत बसू नये, लगेच डॉक्टरांना बोलवावं. जबरदस्तीने तोंडातून तेल पाजलं तर ते फुप्फुसात जाऊ शकतं.

चंदी, पाणी, खरारा एकाच माणसाने करावं. लगेच वरातीला किंवा दौडीला न्यायची घाई करू नये. घोड्याला नवा माणूस आणि नवं ठाण ओळखायला वेळ लागतो.

जोडी जमलीच नाही तर?

दोन-तीन महिने झाले तरी मालकाला घोड्याजवळ जायची भीती वाटत असेल, किंवा घोडा मालक दिसताच अंग चोरत असेल, तर आधी पाठ, दात, खूर आणि खोगीर तपासून घ्यावं. बऱ्याच खोडी दुखण्यातून येतात. तिथं काही निघालं नाही तर जाणत्या माणसाकडून मालक आणि घोडा दोघांनाही शिकवून घ्यावं. तरीही जमलं नाही तर मार आणि काटेरी लगाम हा उपाय नव्हे. योग्य हातात देणं हा उपाय आहे. यात कमीपणा नाही.

मात्र देताना खोड लपवू नये. चावरा असेल तर चावरा म्हणून सांगावं. किंमत थोडी कमी येईल, पण पुढच्या घरातलं लेकरू वाचेल. शिवाय त्या घोड्याला हे काम नकोसं असलं, तरी दुसरं जमणारं काम आणि तसा मालक मिळण्याची शक्यता खरं सांगितल्यानेच वाढते.

निघण्याआधी घरात बसून द्यायची पाच उत्तरं

१. घोड्याकडून नेमकं काम कोणतं?
२. घरात आधी घोडा सांभाळलेला माणूस कोण?
३. रोज एक-दोन तास कोण देणार, आणि तो गावाला गेला तर कोण?
४. चारा आणि पाणी मे महिन्यातही पुरणार का?
५. जवळचा नालबंद आणि घोड्यांचा अनुभव असलेला डॉक्टर किती लांब?

यातल्या एकाही प्रश्नाला उत्तर नसेल तर यंदा यात्रेत फिरून यावं, घोडे बघावेत, जाणत्यांशी बोलावं. बाजार पुढच्या मार्गशीर्षातही भरणारच आहे.